दहा टक्के कशाचे? आपल्या टेबलाच्या तिन्ही डीएमना खुलं पत्र

तिन्ही डीएम मंडळींना,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी रात्री ग्रुपवर तुमचा, म्हणजे आपला डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरांचा, नियमांचा कागद आला. फोटो तिरका होता, पण अक्षर ताईचं असल्यामुळे वाचता आलं. वर मथळा, "पुढच्या कॅम्पेनपासून मल्टीक्लाससाठी घरचे नियम", आणि खाली पाच कलमं. (बाहेरच्यांसाठी: क्लास म्हणजे पात्राचा पेशा, लेव्हल म्हणजे त्यातली पायरी, मल्टीक्लास म्हणजे एकाच पात्राने दुसराही पेशा घेणं, कॅम्पेन म्हणजे अनेक रविवार चालणारी एकच गोष्ट.) पहिला क्लास पाच लेव्हलचा होईपर्यंत दुसरा क्लास नाही. दोनपेक्षा जास्त क्लास नाहीत. दुसऱ्या क्लाससाठी गोष्टीतलं कारण आधी लेखी द्यायचं, निदान एक पान. गेममध्ये गुरू शोधायचा, त्याच्याकडे महिनाभर शिकायचं आणि शंभर सोन्याची नाणी मोजायची. आणि त्यानंतर मिळणाऱ्या एक्सपीतून, म्हणजे लेव्हल चढवणाऱ्या अनुभवाच्या पॉइंटांतून, दहा टक्के कपात.

त्यावर सातपूरवाल्या काकांचा अंगठा आला, दोघांचे जोडलेले हात आले, आणि मग कोणीतरी रविवारी मिसळ कुठून आणायची ते विचारलं. विषय मिटला. माझ्या डोक्यात मिटला नाही, म्हणून हे पत्र. खुलं एवढ्यासाठी, की तुमचा कागद कॉलेज रोडच्या पोरांकडे आणि नाशिकरोडच्या टेबलाकडे आधीच पोचलाय. आपलं टेबल जुनं. इथे पेन्सिलीने लिहिलेलं तिकडे शाईने उतरवून घेतात.

सुरुवात शेवटच्या कलमापासून करते, कारण ते सोपं आहे. आपण एक्सपी मोजतच नाही! गेली दोन वर्षं "गडाचा दरवाजा पडला, सगळ्यांना लेव्हल" असं दादा जाहीर करतात आणि आपण थाळी वाजवतो. मग दहा टक्के कशाचे कापणार? मी फोनवर विचारलं तर दादा म्हणाले, "अगं, तत्त्व म्हणून." बरं, तत्त्वाचंच बोलू. हे तत्त्व या खेळाने स्वतः वापरून पाहिलंय आणि मग सोडून दिलंय.

१९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात एल्फ, ड्वार्फ वगैरे वंशांना एकाच वेळी दोन-तीन क्लास घेता यायचे, एक्सपी सगळ्यांत सारखे वाटून. माणसाला ती सोय नव्हती. त्याने क्लास बदलायचा तर जुन्या क्लासच्या मुख्य गुणात (ताकद, चपळाई वगैरेंच्या आकड्यात) १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात १७ हवेत. शिवाय नवी लेव्हल जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली, तर एक्सपीवर पाणी सोडायचं. म्हणजे वीस वर्षं तलवार चालवलेल्या माणसाने जादू शिकायला घेतली की तलवार म्यानात! २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि लेव्हलगणिक हवा तो क्लास घ्यायची मोकळीक मिळाली. दंड मात्र राहिला. तुमच्या क्लासेसमध्ये एकापेक्षा जास्त लेव्हलचं अंतर पडलं, तर मागे राहिलेल्या प्रत्येक क्लासमागे २० टक्के एक्सपी कापायचे. वंशाचा 'लाडका' क्लास यातून वगळलेला. एल्फचा विझार्ड (जादूगार), ड्वार्फचा फायटर (लढवय्या), हाफलिंगचा रोग (चोर). आणि प्रेस्टीज क्लास, म्हणजे पुढे अटी पुऱ्या करून मिळणारे खास क्लास, तर हिशेबातच धरायचे नाहीत.

आता सांगा, हा दंड भरला कोणी? वही-पेन घेऊन विसाव्या लेव्हलपर्यंतचा आराखडा काढणारा एक पैसा भरत नव्हता. तो बरोबर त्या वंशाचा व्हायचा, लेव्हली एकमेकींच्या शेजारी ठेवायचा, बाकीचं सगळं प्रेस्टीज क्लासमध्ये घालायचा. दंड बसायचा तो ज्याला हिशेब येत नाही त्याला. गोष्टीच्या ओघात कुठेतरी वळला आणि वळल्यावर कळलं, की खिशातून २० टक्के गेले. २००८ ला चौथ्या आवृत्तीने मल्टीक्लास फीटमध्ये, म्हणजे निवडून घ्यायच्या छोट्या कौशल्यांत, कोंबून बघितला. आपण खेळतो त्या २०१४ च्या पाचवीत एक्सपीचा दंड नाहीच. अट एवढीच, की जुन्या आणि नव्या, दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात १३ हवेत. तेही पर्यायी नियम म्हणून, डीएमने हो म्हटलं तर.

मला जे म्हणायचंय ते याच धाग्याचं आहे. तुमची पाचही कलमं ठरवून आलेल्याला अडवत नाहीत. खेळता खेळता बदललेल्याला मात्र दारातच थांबवतात.

पुण्याहून आलेला तो पाहुणा आठवतो ना? तीन रविवार आपल्याकडे खेळला, सॉर्सरर पाच, वॉरलॉक दोन (दोन्ही जादूचे क्लास, आकडे लेव्हलचे). कागद वाचल्यावर मी त्याला पाचही कलमांतून काढून पाहिला. पहिला क्लास पाच लेव्हलचा, पास. दोनच क्लास, पास. लेखी कारण? तो तीन पानं टाईप करून, स्पायरल बाइंडिंगसकट घेऊन आला होता. त्यात लहानपणी विहिरीत पडणं होतं, विहिरीतला आवाज होता, आवाजाशी केलेला करार होता. गुरू? तो आवाजच गुरू. शंभर नाणी? मोजली असती. दहा टक्क्यांचं वर बोललेच.

आणि या माणसाने आपल्या टेबलाचं काय केलं ते नाशिकरोडवाल्यांसाठी सांगते. वॉरलॉकचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची शिल्लक, तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत मिळतात. सॉर्सरर कुठलाही स्लॉट मोडून त्याचे सॉर्सरी पॉइंट करू शकतो आणि पॉइंटांतून नवे स्लॉट बनवू शकतो. असे बनवलेले स्लॉट लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, झाला की विरतात. म्हणून हा गडी झोपायचाच नाही. आपण तंबूत घोरतोय आणि हा शेकोटीशी बसून आठ शॉर्ट रेस्ट घेतोय. दर तासाला पहिल्या लेव्हलचे दोन स्लॉट, म्हणजे दोन पॉइंट, रात्रीचे सोळा. पाच पॉइंटांना तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट पडतो, म्हणजे सकाळपर्यंत तीन जास्तीचे फायरबॉल. पुढच्या रात्री आणखी तीन. जगभरच्या टेबलांवर या प्रकाराला कॉफीलॉक म्हणतात. आपल्याकडे काकांनी त्याचं नाव 'नाइट शिफ्ट' ठेवलं होतं. २०१७ च्या पुरवणीत न झोपणाऱ्यासाठी नियम आला: दर चोवीस तासांनी कॉन्स्टिट्यूशनचा (दमाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, आधी १० चा, मग दर खेपेला पाचाने चढत जाणारा, आणि चुकला की एक्झॉशन, म्हणजे थकवा. आपण तोही लावला नाही, कारण पाहुण्याला कसं बोलायचं.

त्याच्यावर इलाज एका ओळीचा आहे. वॉरलॉकचे स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करता येणार नाहीत. संपलं. अशीच एक ओळ हेक्सब्लेडच्या (वॉरलॉकचा एक सबक्लास, म्हणजे उपप्रकार) एका लेव्हलवर उडी मारणाऱ्या पॅलाडिनसाठी (धर्मयोद्ध्यासाठी) लिहा, त्याला तलवार स्ट्रेंग्थऐवजी करिश्म्यावर चालवायची असते, बाकी त्या वॉरलॉकशी त्याचं देणंघेणं नसतं. २०२४ च्या नव्या पुस्तकात सगळ्याच क्लासचा सबक्लास तिसऱ्या लेव्हलवर नेलाय, पण करिश्म्यावर तलवार चालवायची सोय वॉरलॉकला पहिल्या लेव्हललाच दुसऱ्या वाटेने देऊन ठेवली आहे, त्यामुळे नवीन पुस्तक घेतलं तरी ही ओळ लागेलच. अशा तीन-चार ओळी, नाव घेऊन, कागदावर. कोणावर संशय घ्यायला नको की कोणाकडून निबंध लिहून घ्यायला नको.

आता दुसरी बाजू. ती माझी स्वतःची आहे, तेव्हा थोडं लांबेल.

ताई, तुझ्याच कॅम्पेनमधली गोष्ट. गड तू रामशेजवरून घेतला होतास, हे आशेवाडीला ट्रेकला गेलेल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ओळखलं. १६८२ ला मुघलांनी घातलेला वेढा, वर्षानुवर्षं न पडणारा किल्ला, तोफा नाहीत म्हणून लाकडाच्या तोफांना कातडं मढवून केलेला मारा, सगळं तू जसंच्या तसं उचललं होतंस, फक्त खाली मुघलांच्या जागी हॉबगॉब्लिन बसवलेस. माझी चिमा हाफ-एल्फ रोग, चौथ्या लेव्हलला पोचत आलेली. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, विज्डम (शहाणपण) १२. चोरीसाठी बनवलेली मुलगी, विज्डम उरलेल्या आकड्यातून आलेलं.

त्या रविवारी वेढ्यातल्या छावणीत उतरून औषधाची पेटी चोरायची होती. फासे बरे पडले, दोन पहारेकऱ्यांच्या मधून निघाले, पेटी मिळाली. वर आले तर ज्याच्यासाठी आणली तो नगारा वाजवणारा पोरगा गेला होता. तू तेव्हा काही वर्णन केलं नाहीस. फक्त म्हणालीस, "लेण्यातल्या देवळात अजून अकरा जण आहेत. रात्र आहे. चिमा काय करते?" मी म्हटलं, ती तिथेच बसते. मग तू एकेकाचं नाव विचारायला लावलंस. अकरा नावं झाली. तेवढ्यात मिसळ आली होती आणि कोणी उठलं नाही, एवढं मला आठवतंय.

पुढच्या रविवारी मला चोरीचा एकही डाव सुचेना. तुला येऊन सांगितलं, की चिमाला क्लेरिक, म्हणजे देवाच्या ताकदीने बरं करणारी, व्हायचंय. विज्डम १२, लागतात १३. तू नियम वाकवला नाहीस, आणि ते बरंच केलंस. चौथ्या लेव्हलला मिळालेले दोन गुण मी वाटून टाकले. डेक्स्टेरिटी १६ ची १७, विज्डम १२ चं १३. ज्यांना गणित येतं त्यांनी पाहिलंच असेल, की १६ आणि १७ चा बोनस एकच, तीन. १२ आणि १३ चाही एकच, एक. म्हणजे सगळं खर्चून माझ्या शीटवर एकही बोनस हलला नाही, फक्त दार उघडलं. पाचव्या लेव्हलला काकांचा फायटर एका फेरीत दोन वार करायला लागला, विझार्डने आठ डी-सिक्सचा (सहा बाजूंच्या आठ फाशांचा) फायरबॉल टाकला, आणि चिमा दोन डी-सिक्सच्या स्नीक अटॅकवर अडकून राहिली. रोगमध्येच राहिली असती तर तीन झाले असते, वर अनकॅनी डॉज (वाराचा मार अर्धा करणारी युक्ती) मिळाला असता. हातात आलं काय, तर पहिल्या लेव्हलचे दोन स्लॉट आणि एक डी-एट अधिक एक बरं करण्याची ताकद.

ही किंमत पुस्तकातच आहे. प्रत्येक क्लासची मोठी गंमत पाचव्या लेव्हलला ठेवलेली, आणि गुणवाढ मिळते ती क्लासच्या लेव्हलवर, एकूण लेव्हलवर नाही. जो मधेच वळतो तो हे सगळं उशिरा घेतो. त्याच्यावर आणखी दंड कशाला?

आता हीच चिमा तुमच्या कागदावर चालवून बघा. रोग चार लेव्हलची, म्हणजे पहिल्या कलमाला नापास. लेखी कारण आधी द्यायचं, तर मी काय लिहिणार होते? त्या रात्रीपर्यंत मलाच माहीत नव्हतं. गुरू? अकरा जखमी माणसं आणि बंद गड. शंभर नाणी? चोराकडे असतात, पण वेढ्यात मोजायची कोणाला? पुण्याचा पाहुणा आत, चिमा बाहेर. ताई, खरं सांग, कलमं लिहिताना तुला ती रात्र आठवली नाही का?

दादांचं म्हणणं मी ऐकलंय: लढवय्या आणि देवमाणूस एकाच अंगात बसत नाही, खोटं वाटतं. दादा, आपण नाशिकचे! २०१५ च्या सिंहस्थात पंचवटीत वैष्णव आखाड्यांची शाही मिरवणूक बघायला पहाटे तीनला मला तुम्हीच घेऊन गेला होतात. तिकडे त्र्यंबकला कुशावर्तावर शैव आखाडे, इकडे रामकुंडावर वैष्णव. हातात शस्त्र, मुखी नाम. आखाडा या एकाच शब्दात तालीमही आहे आणि साधूंची परंपराही. आपल्याकडे फायटर-क्लेरिकला वेगळा शब्दच लागला नाही.

तर निबंधाच्या कलमाच्या जागी मी एक गोष्ट सुचवते. ज्याला दुसरा क्लास हवा त्याने गप्प बसायचं. कारण सांगायचं ते बाकीच्या खेळाडूंनी. निदान दोघांना सांगता आलं पाहिजे, की कुठल्या रविवारी, कुठल्या ठिकाणी, काय झालं, ज्यामुळे हा माणूस बदलतोय. काकांची वही आहेच, ते प्रत्येक सेशन लिहितात, तारखेसकट. वहीत सापडलं तर क्लास मिळाला, मग पहिल्या क्लासची लेव्हल तिसरी असो की आठवी. वहीत नाही, नुसतं विहिरीतल्या आवाजाचं स्पायरल आहे, तर थांबा, आधी खेळून दाखवा.

मित्र मित्राची बाजू घेतील, हे तुम्ही म्हणणार. घेऊ देत. मत मागितलेलं नाही, प्रसंग मागितलाय. जो घडलाच नाही तो वहीत कुठून येईल?

आणि ठरवून बिल्ड करणारा काही गुन्हेगार नाही. मला स्वतःला कागदावर आकडे जुळवायला आवडतात, नोकरीही तसलीच आहे. ज्याला पहिल्या दिवसापासून फायटर-विझार्डच खेळायचाय त्याने सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर सांगावं, की मी इथून इथे जाणार आहे. एक गोष्ट तुमच्या बाजूनेही बोलते. पहिली लेव्हल फायटरची घेऊन लगेच विझार्डकडे वळणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह आणि जड चिलखत फुकट मिळतं, उलट्या क्रमाने आलेल्याला मिळत नाही. तुमचं पाच लेव्हलचं कलम ते बंद करतं. पण तो विझार्ड मग जन्मभर एक लेव्हल मागे चालतो, बाकीचे फायरबॉल टाकत असताना हा अजून वेब (खालच्या लेव्हलचा मंत्र) टाकतोय. चिलखत घालून चालू दे बिचाऱ्याला.

गुणवाढ एकूण लेव्हलवर द्या, अशीही मागणी मी या पत्रात करणार होते. दोन संध्याकाळी कागदावर मांडून पाहिली. फायटरला सहाव्या आणि चौदाव्याला जास्तीची गुणवाढ असते, रोगला दहाव्याला, आणि ती कुठे धरायची याचा घोळ काही केल्या निस्तरेना. शिवाय फायदा पुन्हा आराखडेवाल्यालाच जास्त. मागणी मागे घेतली.

दोन क्लासची मर्यादा मला चालेल. तीन क्लासचं कॅरेक्टर मी आजवर शीटवर पाहिलंय, टेबलावर जगलेलं पाहिलं नाही.

गुरूचं कलम मला आवडलं, पण उलटं करा. माझे वडील कंपनीत फिटर होते आणि चाळिशीत पखवाज शिकायला लागले. गुरुजी पंचवटीत राहायचे. पहिली दोन वर्षं त्यांनी एक पैसा घेतला नाही, तिसऱ्या वर्षी गुरुपौर्णिमेला फक्त नारळ घेतला. पण काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत, त्या उकाड्यात, वडिलांना त्यांनी किती बसवलं ते मी बघितलंय. गुरू असू दे. तो शोधायची जबाबदारी खेळाडूवर टाकून वर फी घेऊ नका. गुरू तुम्ही द्यायचा, गेममध्ये, नाव-गाव-खोडीसकट. तोच पुढे संकटात सापडेल, खोटं बोलेल, मरेल. शंभर नाण्यांतून यातलं काय मिळणार?

शेवटी त्या इंजिनिअरिंगच्या पोराचं. ते तुमच्या कागदात कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त त्याचीच काळजी आहे. नवीन आहे, तिसराच महिना. विझार्ड होता. रागाच्या भरात जादू फेकणारा म्हातारा किती भारी दिसेल म्हणून एक लेव्हल बार्बेरियनची घेतली. स्ट्रेंग्थ १३ होती, कोणी अडवलं नाही. मग पहिल्या लढाईत रेज (बार्बेरियनचा संताप) लावला आणि आपण सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, की रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही, आधीचा चालू असेल तर तोही तुटतो. हसलो आपण. मीही हसले. त्यानंतर तो दोन रविवार आलेला नाही, परीक्षा आहे म्हणतो. परीक्षा असेलही.

म्हणून एक कलम वाढवा: दुसरा क्लास घेतल्यापासून तीन सेशनच्या आत तो परत करता येईल, काही न कापता, कारण न विचारता. आणि ते पुढच्या कॅम्पेनपासून नको, या रविवारपासून. त्याला फोन दादांनी करावा. माझा गेला तर त्याला कीव वाटेल, दादांचा गेला तर नियम वाटेल.

रविवारी चारला येते. काकांना वही आणायला सांगा.

आपली,
चिमावाली (रोग ४, क्लेरिक ३)

ता. क. फासे टाकायची स्टीलची थाळी मागच्या वेळी माझ्याकडून घरी नेली गेली. धुवून आणते. तिच्यात कोणीतरी शेव ठेवली होती, आणि दादांचे त्या दिवशीचे तीन नॅट वन (फाशावर पडलेले नुसते एक) त्या शेवेमुळे होते की नाही यावरही कधीतरी नियम करावा लागेल.